किलोमीटर कोणत्या शाळेपर्यंत मोजायचे?



आपले शहर वाढते आहे, हे सांगायला आता कोणा तज्ज्ञाची गरज नाही. २०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया ही गावे महानगरपालिकेत आली. वेऱ्याची बिले लगेच आली, बाकीच्या सोयी मागाहून येत आहेत. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले आपले वाडे विकले गेले, पुढची पिढी मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडकडच्या फ्लॅटमध्ये गेली. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेली खानदेशातली कुटुंबेही शहराच्या कडेलाच राहिली. मराठी शाळा मात्र बहुतेक जुन्या शहरातच राहिल्या. जिथे आपले आजोबा राहत होते तिथे शाळा, आणि जिथे आज मुले आहेत तिथे शाळा नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

या प्रश्नावर आपल्या मंडळात आजवर भाषणे झाली, निवेदने झाली. आम्ही बँकेतले कारकून, त्यामुळे भाषणापेक्षा आकडा आधी पाहतो. आणि आकडा पाहिला की वाटते, आपण चुकीच्या गोष्टीसाठी भांडत आलो.

एक प्रसंग सांगतो. मुलीच्या शिष्यवृत्तीचे खाते उघडायला एक बाई आमच्या काउंटरवर आल्या. फॉर्मवर शाळेचे नाव लिहिताना थांबल्या. मुलीचा मराठी वर्ग पटसंख्या कमी म्हणून दुसऱ्या शाळेत विलीन झाला होता. ती शाळा जुन्या शहरात, दोन रिक्षा बदलून जायची. नवरा पाळीवर, या स्वतः चार घरची कामे करतात. मुलीला पोहोचवणार कोण? शेवटी घराजवळच्या गुजराती शाळेत नाव घातले. बाई म्हणाल्या, "साहेब, शाळा जवळ मिळाली, पण पोरगी वर्गात गप्प बसते."

सरकारी कागदावर या मुलीचा प्रश्न सुटलेला आहे. तिला शाळा आहे, ती एक किलोमीटरच्या आत आहे, तिचे नाव हजेरीपटावर आहे. प्रश्न आहे तो असा, की हा एक किलोमीटर मोजला कोणत्या शाळेपर्यंत?

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असे चालत जाण्याच्या अंतराचे माप आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिले आहे की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यातल्या. पण कोणत्या वस्तीची मुले कोणत्या शाळेत, याची हद्द आखताना पहिली वाचली जाते आणि दुसरीवर पेपरवेट ठेवले जाते. 'शक्यतोवर' हा शब्द त्यात आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण शक्य आहे की नाही, हे मोजून पाहिल्याशिवाय ठरवले कोणी?

आणि मोजायचे कसे, हेही जुनेच ठरलेले आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की एका वर्गात किमान दहा किंवा सबंध शाळेत किमान चाळीस मुले एखाद्या भाषेची असतील, तर त्यांना त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. स्थानिक संस्था म्हणजे आपली महानगरपालिकाही त्यात आली. अल्पसंख्य भाषकांसाठी ज्या सवलती देशपातळीवर मान्य झाल्या, त्यांत आणखी दोन गोष्टी आहेत. शाळा सुरू होण्यापूर्वी तीन महिने मुलांची भाषावार आगाऊ नोंदणी करावी, आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर शेजारच्या शाळांशी जुळवाजुळव करावी, म्हणजे कोणाही मुलाला मातृभाषेचे शिक्षण नाकारले जाणार नाही.

ही जुळवाजुळव हाच सगळ्याचा गाभा आहे. समजा, एका उपनगरात चार शाळा आहेत आणि प्रत्येकीत पहिलीची सहा मुले मराठी बोलणारी आहेत. प्रत्येक शाळा म्हणेल, दहा भरत नाहीत, मराठी वर्ग नाही. चौघींचे उत्तर नियमाप्रमाणे, आणि चोवीस मुले वर्गाबाहेर. तीच हद्द बदला, चारही शाळांची मराठी मुले एका मध्यवर्ती शाळेत आणा, की दोन वर्गांची संख्या भरते. चार खात्यांत किमान शिल्लक नाही म्हणून चारही खाती बंद करायची, की चारही रकमा एका खात्यात घ्यायच्या? हे कळायला बँकेत नोकरी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, माहिती कुठे आहे? माहिती आहे. यू-डायस प्लसच्या नोंदीत प्रत्येक मुलामागे मातृभाषेचा रकाना असतो. रकाना भरलेला आहे, त्याची वस्तीवार बेरीज कोणी करत नाही, एवढेच.

कोणी असेही म्हणेल, की गुजरातमध्ये राहून मराठी शाळेचा हट्ट कशाला? आमचे उत्तर स्पष्ट आहे. गुजराती आमच्या शेजारची नाही, घरातली भाषा आहे. पहिली ते आठवी गुजराती विषय सर्व शाळांना सक्तीचा करणारा २०२३ चा कायदा आम्हाला मान्य आहे, कारण मराठी शाळेतल्या मुलाला गुजराती आलीच पाहिजे. पण याच शहराच्या महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. मूल शाळेपर्यंत पोहोचले पाहिजे ही जबाबदारी राज्याची, हे बडोद्याने देशाला शिकवले. त्या बडोद्यात एका मुलीला दोन रिक्षा आडव्या येतात, याची लाज मराठी-गुजराती दोघांनाही वाटायला हवी.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते.

एखादी जुनी मराठी शाळा बंद होणार म्हटले की आपण जमतो. इमारतीचा इतिहास काढतो, तिथे कोण कोण शिकले त्याची यादी वाचतो, फोटो काढतो. आणि आपली नातवंडे? ती इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये असतात. आमचीही मुले त्याच बसमधून गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. आज मराठी वर्गात जी मुले उरली आहेत ती बहुतांशी धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायांची, पाळीवर जाणाऱ्या कामगारांची आहेत. त्यांची मराठी आपल्या मराठीसारखी नाही म्हणून गणेशोत्सवाच्या मांडवात आपण त्यांना मागच्या रांगेत बसवतो आणि ठरावात मात्र 'आपली मराठी मुले' म्हणून मोजतो. हा हिशेब खोटा आहे.

म्हणून आमचे म्हणणे कटू लागेल, तरी सांगतो. जुन्या इमारतीसाठी भांडणे आता सोडा. तिथे मुले नसतील तर ती शाळा हलू द्या. भांडायचे असेल तर ती कुठे हलते यासाठी भांडा. उपनगरातली मुले जुन्या शहरात आणण्याऐवजी जुन्या शहरातला मराठी शिक्षक उपनगरात न्या.

बँकेची शाखा बंद करायची तर खातेदारांना आधी कळवावे लागते. गावातली एकुलती शाखा असेल तर जिल्हा सल्लागार समितीची संमती लागते. १ एप्रिल २०१९ रोजी विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तेव्हा कोणाचे खाते कुठे गेले हे खातेदारांना कळवावे लागले. शंभर रुपयांच्या खात्याला जो मान आहे, तेवढा सहा वर्षांच्या मुलाला मिळावा, याहून जास्त आम्ही मागत नाही.

मागण्या चारच. एक, शाळांच्या हद्दी ठरवताना अंतर मुलाच्या माध्यमाच्या शाळेपर्यंत मोजावे. दोन, विलीनीकरणापूर्वी मातृभाषेच्या नोंदीची वस्तीवार बेरीज जाहीर करावी. तीन, निर्णय मे महिन्याच्या सुट्टीआधी पालकांना लेखी कळवावा, जूनमध्ये दारावर कागद चिकटवून नव्हे. चार, तरीही शाळा लांब पडत असेल तर वाहनाची सोय पालिकेने करावी.

या मागण्या घेऊन जाताना आपल्या हातात यादी हवी. शहराचे एकोणीस वॉर्ड आहेत, प्रत्येकात चार नगरसेवक आहेत. प्रत्येक वॉर्डात मंडळाच्या दोन माणसांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्त्यांत जाऊन पहिलीत जाणाऱ्या मराठी मुलांची नावे लिहून आणावीत. दिवाणखान्यात बसून ही यादी होणार नाही, पत्र्याच्या घरांपर्यंत जावे लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांच्या शेजारी बसून अर्ज लिहून देणे, हे आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी आणि आमच्यासारख्या कारकुनांनी करायचे काम आहे. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नका.

एका वस्तीत दहा नावे भरली तर वर्ग मागता येतो. आमच्या काउंटरवरच्या बाईंच्या मुलीचे नाव आम्ही पहिल्या ओळीत लिहून ठेवले आहे. तिच्या वर्गाला अजून नऊ हवीत.