‘समृद्धी’ आमणेपर्यंत आली, लोनाडची लेणी कोणाला दिसणार?

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेली गाडी आता थेट भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत येते. तिथून जवळच लोनाड आहे, पण तिथे वळणारे थोडेच.

लोनाडमध्ये काय आहे?
टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आणि शिलाहारकालीन शिवमंदिर. शेजारच्या चौधरपाड्याच्या शिलालेखात राजा केशिदेवाने शके ११६१ मध्ये गाव दान दिल्याची नोंद आहे.

अडचण काय?
भिवंडीत भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहत आहेत. शेतकऱ्याला दोष कसा देणार? भाताचे पीक वर्षातून एकदा, गोदामाचे भाडे दर महिन्याला. लेणी जागेवरच राहतील. त्यांच्याभोवतीची हिरवाई मात्र एकदा गेली की परत येणार नाही.

मग करायचे काय?
वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर लोक येतातच. त्यांना लोनाडची वाट दाखवणारे फलक लावा. पार्किंग आणि जेवणाची सोय गावकऱ्यांच्या हाती द्या. लेण्यांभोवतीची शेती विकास आराखड्यात राखून ठेवा आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला द्या. वारसा जपण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?