एकच रक्त, दोन दफ्तरे

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू दूषित रक्तातून, सुईतून व मातेकडून अर्भकाकडे एकाच वाटेने जात असता, एड्सच्या बंदोबस्तासाठी 1992 साली राष्ट्रीय संघटना स्थापन करणाऱ्या सरकारने हिपॅटायटिसचा, म्हणजे यकृतदाहाचा, राष्ट्रीय कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी आरंभावा, ही दिरंगाई आम्हांस शोचनीय वाटते. टेनोफोव्हिर हे औषध एचआयव्ही व हिपॅटायटिस बी या दोन्ही व्याधींच्या उपचारात येते. मग गर्भवतीने एका तपासणीसाठी रक्त देऊन दुसरीसाठी पुन्हा रांग का धरावी? नवजातास चोवीस तासांच्या आत टोचावयाची हिपॅटायटिस बीची लस प्रसूतिगृहातील परिचारिकेच्या हाताशी हवी, त्याकरिता तपासणी, नोंदवही व औषधसाठा एकत्र करण्याचा हुकूम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विनाविलंब काढावा. मात्र 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांस दिलेली गुप्ततेची हमी त्या सामाईक नोंदवहीतही अबाधित राहिलीच पाहिजे.