भाडे महिन्याला, पैसा हंगामाला

दिवाळीआधी साखर कारखान्याचा अखेरचा हप्ता सभासदांच्या खात्यावर पडतो, कामगारांचा बोनस होतो, सवलतीची साखर घरी येते आणि मग बारामतीच्या मारवाड पेठेत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याने काय दर दिला, यावर सोने घ्यायचे की पुढच्या वर्षावर ढकलायचे हे ठरते. इंदापूरच्या पेठेचेही तेच.

याच गर्दीत आमचे तरुण वाचक म्हणतात, बारामतीला आता पुण्यासारखा मोठा मॉल हवा. पियाजिओ आली, फेरेरो आली, टेक्स्टाइल पार्क झाले, शासकीय मेडिकल कॉलेज झाले. मग मॉलच का नको? ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मॉलमध्ये गावाकडच्या मुलीला काही न घेता दोन तास फिरता येते, कुणी हटकत नाही. पाय दुखले तर बसायला जागा असते, स्वच्छतागृह असते. आपल्या बाजारपेठेने बायकांना एवढेही कधी दिले नाही. निमगाव केतकीहून सकाळच्या एसटीने खरेदीला निघालेली बाई दिवसभर पाणी बेताने पिते. का, ते प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे.

तरीही मॉल मागण्याआधी मॉलचे काय झाले ते पाहायला हवे. १९९९ साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा दारात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा, असा नियम होता. माणसे निवडून आत घेणारा तो बाजार पुढे नाव बदलूनही सावरला नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधले गाळे सुटे सुटे विकले गेले. शेकडो मालक झाले आणि सगळ्या इमारतीची काळजी वाहणारा कुणी उरला नाही. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर कोविडचे रुग्णालय चालू होते. रुग्णांचे जीव गेले. २०२२ साली बिग बझारची साखळी तुटली. नाइट फ्रँकच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या मोठ्या शहरांत ६४ मॉल जवळपास ओस पडल्याची नोंद आहे. उलट वाकडला २०२३ मध्ये उघडलेल्या फिनिक्सच्या मॉलमध्ये गर्दी असते. म्हणजे सगळेच मॉल बुडत नाहीत. फार मोठे, एकाच मालकाचे, सिनेमा आणि खाण्यापिण्यावर चालणारे टिकतात. मधले आणि छोटे मरतात, आणि आपल्या वाट्याला येईल तो याच जातीचा. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित मॉलचा पहिला नमुना १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटात उभा करणाऱ्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकारानेही पुढे या अपत्याचे पालकत्व नाकारले होते.

आमच्या मते बारामती-इंदापूरची खरी अडचण वेगळीच आहे. मॉलमधल्या गाळ्याचे भाडे, देखभाल, विजेचे बिल दर महिन्याला द्यावे लागते. इथला पैसा महिन्याला येत नाही. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा राहतो, तुटून गेल्यावर पहिली उचल मिळते आणि उरलेले हप्ते पुढे कधीतरी. मधल्या काळात घर चालते ते दुधाच्या पगारावर आणि दुकानदाराच्या वहीवर. ‘बिल आलं की देतो’ या शब्दावर पेठेत लग्नाचा बस्ता बांधून मिळतो. मॉलमध्येही वस्तू हप्त्याने मिळेल, पण तो हप्ताही महिन्याचाच! कंपनीत नोकरी करणाऱ्याला ते परवडेल. पण तालुका अजून उसावर, डाळिंबावर आणि उजनीच्या पाण्यावर जगतो. भिगवणचे मासे, केतकीची विड्याची पाने, माळव्याच्या पाट्या घेऊन येणारी माणसे बाजारात विकतात आणि त्याच पैशात तिथेच खरेदी करून घरी जातात. मॉलमध्ये त्यांना फक्त गिऱ्हाईक म्हणून जागा आहे.

पेठेतही सगळे आलबेल नाही. मोबाइलवर मागवलेले पार्सल आता वाड्या-वस्त्यांवर पोचते आणि कापडवाल्यांच्या धंद्याला त्याची झळ लागली आहे. या अंकातल्या जाहिरातींची पाने चाळा: सराफ, भांडीवाले, खत-बियाण्यांची दुकाने, पतसंस्था. अंक निघतो तो या माणसांच्या बळावर. ती उठली तर गावातली शाळेची बक्षिसे, पालखीच्या मुक्कामातला फराळ आणि हा अंकही उठेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मॉलसाठी मोक्याची जागा शोधण्याआधी दोन्ही नगरपरिषदांनी पेठेत बायकांसाठी दिवसभर उघडी राहणारी, पाणी असलेली स्वच्छतागृहे बांधावीत. ती झाडायला माणूस नेमावा, त्याचा पगार वेळेवर द्यावा. मंडईवर धड छप्पर घालावे, म्हाताऱ्यांसाठी बाक ठेवावेत, गाड्यांचा तळ पेठेबाहेर करावा. नवी व्यापारी संकुले बांधताना गाळे विकून मोकळे होऊ नये. देखभाल कोण करणार, ते आधी लिहून घ्यावे. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद हवी.

वाचकहो, तुमच्या पेठेत काय अडते ते आम्हाला कळवा, बायकांनी तर जरूर लिहा. संक्रांतीपर्यंत आलेली पत्रे आम्ही बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांत नेऊन देणार आहोत.