न विचारता पोहायला गेली, यावर माझ्याकडे औषध नाही

शनिवारची संध्याकाळ. दवाखाना आवरत आला होता, बाहेर शेवटचे दोन नंबर शिल्लक होते. तिघं आत आले. आधी नवरा, मग मुलगा आणि त्यांच्यामागून वहिनी. मुलुंडमधलं हे कुटुंब मी वीस-बावीस वर्षं ओळखतो. वहिनींचं वय ५४. रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. खुर्चीवर नीट बसायच्या आधीच नवरा म्हणाला, "डॉक्टर, हिचं जरा बघा. हल्ली मनात येईल ते करत सुटलीय."

मी जरा सावरून बसलो. विचारलं, "काय झालं?"

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळी वहिनी भाजी आणायला बाहेर पडल्या. वाटेत तरणतलाव लागतो. तिथे थांबल्या, चौकशी केली आणि पोहायला शिकण्याच्या वर्गाचे पैसे भरून आल्या. घरी कुणाला विचारलं नाही. भाजीही आणायची राहिली. बुधवारपासून सकाळी सातला त्या पाण्यात असतात आणि साडेआठपर्यंत घरी चहा मिळत नाही.

मुलगा इंजिनिअर आहे, वाचलेलं बरंच असतं. तो म्हणाला, "काका, या वयात अचानक असं वागणं म्हणजे हार्मोन्सचं काही असेल का? एमआरआय करून घ्यायचा का?"

मी वहिनींची फाइल उघडली. २०१९ पासूनच्या प्रत्येक चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस.' इतक्या वर्षांत "ही व्यायाम करत नाही हो डॉक्टर" अशी तक्रार घेऊन या घरातलं कुणी आलं नव्हतं. ज्या आठवड्यात तिने तो सुरू केला, त्याच आठवड्यात तिला पेशंट म्हणून आणलं.

आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी डॉक्टरचं काम

अचानक बदललेलं वागणं हे आजाराचं लक्षण असू शकतं, हे खरं. त्यामुळे मुलाचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आपल्या मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, थांबून विचार करायचं काम करतो. 'हवंय, आत्ता हवंय' ही ओढ मेंदूच्या आतल्या भागांतून येते आणि पुढचा भाग तिला लगाम घालतो. हा लगाम सैल पडला तर घरच्यांनी लक्ष द्यायलाच हवं. अशी काही कारणं:

• उन्माद, म्हणजे मेनिया. आठवडाभर किंवा जास्त दिवस रात्री तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, बोलणं थांबत नाही, पैसा उधळतो, मोठमोठ्या योजना आखतो. पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच दिसलं तर शारीरिक कारणही शोधावं लागतं.

• मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश. हा ४५ ते ६५ या वयातही सुरू होतो. स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, पण भान सुटतं. चारचौघांत वाटेल ते बोलणं, गोडाची हाव, जवळच्यांच्या दुःखाची फिकीर नसणं.

• औषधं. कंपवातासाठी किंवा रात्री पाय वळवळतात म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसनेही मन उधळतं.

• दारू, वाढलेला थायरॉइड, सततची अपुरी झोप.

मी वहिनींना झोप, भूक, खर्च, औषधं यांबद्दल विचारलं. झोप छान लागते, उलट पोहायला लागल्यापासून जास्तच छान. खर्च काय, तर वर्गाची फी आणि एक पोहण्याचा पोशाख. बोलणं नेहमीइतकंच, म्हणजे कमी. तपासलं. सगळं ठीक. मग विचारलं, "वहिनी, हे त्या दिवशी अचानक सुचलं का?"

त्या म्हणाल्या, "नाही हो. लहानपणी गावच्या विहिरीत भाऊ पोहायचे, मला काठावर कपडे राखायला बसवायचे. तेव्हापासून मनात आहे."

म्हणजे हा निर्णय चाळीसहून अधिक वर्षांचा होता. घरच्यांना तो मंगळवारी कळला, म्हणून त्यांना उतावीळ वाटला.

आक्षेप नेमका कशाला?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे बाईच्या निर्णयाला 'अविचार' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तक्रार घाईबद्दल नसते. तक्रार ही असते की तिने परवानगी घेतली नाही आणि त्या निर्णयात घरातल्या कुणाचाच फायदा नाही.

याचा पडताळा घ्यायला लताबाई करे यांचं उदाहरण घ्या. बारामतीजवळ राहणाऱ्या, मजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लताबाई. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते. बारामतीत मॅरेथॉन आहे, बक्षीस आहे, असं कळलं. पूर्वी कधी स्पर्धेत धावलेल्या नसताना त्या नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. २०२० मध्ये 'लता भगवान करे' हा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या चित्रपटाची दखल घेतली गेली. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं आणि ते योग्यच होतं.

आता डॉक्टर म्हणून विचार करा. साठीच्या पुढची बाई, कसलीही तपासणी नाही, सराव नाही, पायात चप्पल नाही, आणि स्पर्धेत धावते. वैद्यकीय दृष्टीने वहिनींच्या पोहण्यापेक्षा हे कितीतरी धोक्याचं. पण त्याला कुणी अविचार म्हणालं नाही, कारण त्या नवऱ्यासाठी धावल्या होत्या. त्याच लताबाई 'मला धावावंसं वाटलं' एवढ्याच कारणाने धावल्या असत्या, तर आपण काय म्हणालो असतो? म्हातारचळ हा शब्द मराठीत तयारच आहे.

दुसऱ्यासाठी केलं तर त्याग, स्वतःसाठी केलं तर चळ. हा निकष वैद्यकशास्त्राचा नाही.

पुढे ढकलण्याची किंमत

"थोडं थांबली असती तर काय बिघडलं असतं?" असं वहिनींच्या नवऱ्याने विचारलं. थांबण्याने काय बिघडतं ते मी रोज बघतो.

घाटकोपरहून माझ्याकडे येणाऱ्या एक बाई होत्या. पाळी बंद होऊन पाच वर्षं झालेली आणि पुन्हा थोडं थोडं रक्त जाऊ लागलं. आधी मुलाची बारावी होती. मग नणंदेच्या मुलीचं लग्न. मग गणपती. आठ महिन्यांनी, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी घ्यायला आल्या, तेव्हा दाराशी उभं राहून म्हणाल्या, "डॉक्टर, जाता जाता एक विचारू का?" गर्भाशयाचा कर्करोग होता आणि गर्भाशयाबाहेर गेला होता. वाचणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवा: पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण हे ठरवायचा अधिकार बारावीच्या वेळापत्रकाला नाही.

मला कुणी म्हणेल, कर्करोगाची तपासणी वेगळी आणि पोहण्याची हौस वेगळी. दवाखान्यात बसून मला तसं दिसत नाही. जिला स्वतःसाठी सकाळचा एक तास मागता येत नाही, तिला स्वतःसाठी सोनोग्राफीची दुपारही मागता येत नाही. ही एकच सवय आहे आणि ती आपण सगळ्यांनी मिळून लावलेली आहे.

'मग घर कोण बघणार?'

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे बघू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे दोघांत रोज तीन तासांहून अधिक फरक. जागतिक आरोग्य संघटना मध्यम दमाचा व्यायाम सांगते तो आठवड्याला १५० मिनिटं. एका दिवसातला हा फरक पाहिलात, तर त्यातच तिच्या आठवड्याभराच्या व्यायामाचा वेळ बसतो.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. यावर आम्ही डॉक्टर म्हणतो, बायका आळशी आहेत, प्रबोधन करा. पहाटे पाचला उठून दोन डबे भरून ८ च्या लोकलला लटकणाऱ्या बाईला आळशी म्हणायला धाडस लागतं.

सतत दुसऱ्यांचं करत राहण्याचा शरीरावर परिणाम होतो का? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध होत नाही. पण सेवा करणाऱ्यालाही विसावा लागतो, एवढं त्यातून मी नक्की घेतो.

खरे अविचारी निर्णय

गंमत बघा. माझ्या दवाखान्यात जे उतावीळ निर्णय येतात आणि ज्यांनी खरंच नुकसान होतं, त्यांवर घरात चर्चाही होत नाही. व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून रक्तदाबाची गोळी एका दिवसात बंद. शिंक आली की मेडिकलमधून अँटिबायोटिक, तेही दोनच दिवस. चेहरा उजळावा म्हणून स्टिरॉइडचं मलम. पाच वर्षं जागचं न हललेल्या गृहस्थाने मित्राने पैज लावली म्हणून थेट २१ किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालणं. यांपैकी कुणालाही नातेवाईक हाताला धरून माझ्याकडे घेऊन आलेले नाहीत.

आणि 'स्वतःसाठी काहीतरी करा' म्हणत बाजार जे विकतो, त्याच्याही मी बाजूने नाही. गोरेपणाची सलाइन, ऐंशी चाचण्यांचं सवलतीतलं पॅकेज, हप्त्यावरची मालिश खुर्ची. यांत तुमच्यासाठी फार थोडं असतं.

माझाही हिशेब

हे सगळं लिहिताना मी बाजूला उभा राहू शकत नाही. कितीतरी वर्षं मी बाईची तक्रार तिच्या नवऱ्याला विचारत आलो. ती समोर बसलेली असताना "यांचं जेवण कसं आहे?" असं त्याला विचारायचो. 'ताण कमी करा, व्यायाम करा' असं चिठ्ठीवर लिहायला मला चार सेकंद लागायचे. सकाळी सातला चहा कोण टाकेल, हे मी एकदाही विचारलं नाही. जो सल्ला पाळणं शक्यच नाही, तो देऊन मी माझं काम संपवत होतो.

ठरवायच्या आधी चार प्रश्न

डोक्यात आलेली प्रत्येक गोष्ट करा, असं मी म्हणत नाही. स्त्री असो वा पुरुष, मोठं काही ठरवायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा:

१. यातून मागे फिरता येईल का? वर्ग सोडता येतो. नोकरी सोडणं, घर विकणं, शस्त्रक्रिया यांचं तसं नाही. तिथे थांबा, बोला.

२. मी आत्ता रागात, उपाशी, झोपेविना किंवा दारू पिऊन आहे का? असेन तर उद्या सकाळी.

३. यासाठी कर्ज काढावं लागतंय का, किंवा अडीअडचणीचे पैसे मोडावे लागतायत का?

४. यात एखादं औषध सुरू किंवा बंद होतंय का? मग आधी डॉक्टरांना फोन.

चारही उत्तरं ठीक असतील तर जा. घरी सांगून जा, कारण काळजी करणारी माणसं असतात. सांगणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. व्यायामाचंच असेल आणि चालताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल, फिट येण्याचा आजार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी तपासून घ्या.

त्या शनिवारी मी एमआरआय लिहिला नाही. वहिनींच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'पोहणे, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास. रक्तदाबाची गोळी तशीच चालू. तीन महिन्यांनी साखर तपासणे.' नवऱ्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली. त्यावर एकच ओळ होती: 'सकाळचा चहा स्वतः करणे, रोज, कायम.'

त्याने ती घडी घालून खिशात ठेवली, पण मला तपासणीची फी किती झाली हे मात्र विचारलं नाही. पैसे वहिनींनी दिले, स्वतःच्या पाकिटातून.