पंचमीचा झोका आणि लंडनचा हौद

दिवाळीत पुण्याहून भाची आली ती काखेत एक फळी मारूनच. फळीला खाली चार चाकं. आल्या आल्या चहासुद्धा न घेता बाई बाहेर पडल्या आणि आमच्या नरसीच्या सिमेंटच्या रस्त्यावर घर्र घर्र सुरू झालं. ओट्यावर बसलेल्या बायका दातवण थांबवून बघायला लागल्या. माझ्या सासूबाई तर उठूनच उभ्या राहिल्या. "अगं माय, पडंल की पोरगी! कामून असली खेळणी देतेत हिला?"

ती पडलीच. एका बारीक खड्याला चाक अडलं आणि गुडघा फुटला. हळद लावता लावता मी विचारलं, "काय गं, तुमच्या पुण्यात काय रस्त्यावरच खेळता हे?" तर म्हणाली, "नाही मावशी, याला स्केटपार्क लागतो." आणि मोबाइलवर तिनं मला चित्रं दाखवली. खरं सांगू? मला तो कोरडा पडलेला हौद वाटला. मोठ्ठा, गोल गोल कडांचा, आत पाणी नाही आणि पोरं कडेवरून खाली उतरतायत, परत वर चढतायत.

मी हसले, पण माझा अंदाज फार काही चुकला नव्हता. हा खेळ वाढला तो खरोखर कोरड्या हौदांतच. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 1970च्या दशकात दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या घरामागचे पोहण्याचे तलाव रिकामे झाले, आणि पोरं चोरून त्यात फळ्या घेऊन उतरायला लागली. (दुष्काळात कुणाला काय सुचेल! आपल्याला हंडा सुचतो.) मग लोकांनी मुद्दाम तसे काँक्रीटचे हौद बांधले, तिकीट लावलं. ठेकेदारांनी हातानं थापण्याऐवजी पाइपातून जोरात काँक्रीट फवारलं, म्हणून त्या कडा अशा लोण्यासारख्या गोल. पण लाट आली तशी ओसरली. पडझडीचा विमा महाग झाला आणि बहुतेक हौद पाचेक वर्षांतच बुजवले गेले किंवा बुलडोझरखाली गेले.

जे वाचले त्यातला एक लंडनच्या पूर्व टोकाला हॉर्नचर्चमध्ये आहे. नाव रोम स्केटपार्क. इटलीतलं रोम नव्हे हं, तिथं रोम नावाची छोटी नदी आहे, आपल्या कयाधूसारखी, तिच्यावरून हे नाव. 1978 साली तो उघडला, आणि 2014 साली सरकारनं त्याला संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतलं. ज्या यादीत जुनी चर्चेस आणि राजवाडे असतात, त्याच यादीत हा पोरांचा हौद! युरोपात असा मान मिळालेला तो पहिलाच.

हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कसली वास्तू? खड्डाच की."

त्यांचं चूक नाही. आम्ही संत नामदेवांच्या जन्मगावात राहतो. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, म्हणून पार पंजाबातून शीख भाविक आमच्या गावी येतात. जपायचं म्हणजे मंदिर, समाधी, किल्ला, फार तर एखादा वाडा, हे आमच्या डोक्यात पक्कं. खेळायची जागा कुणी जपतं का? ती मोकळी असते, म्हणजे रिकामी असते, म्हणजे तिथं काहीतरी बांधायचं असतं.

पण मी त्या चित्रांशी अडकले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टँपा नावाचं शहर आहे. तिथं एका बागेत 1970च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेनं असाच एक वाडग्यासारखा खोलगट काँक्रीटचा पार्क केला. पोरं त्याला ब्रो बाऊल म्हणायची. आता ही बाग होती कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीच्या जागेवर. त्यांची दुकानं, गाणं-बजावणं, सगळा बाजार तिथं एकेकाळी नांदत होता, आणि शहर सुधारणेच्या नावाखाली तो उठवला गेला. पुढे त्या लोकांनी म्हटलं, या बागेत आमच्या वस्तीचा इतिहास मांडा. तेव्हा तो खोलगट पार्क काढायचा ठरला. लगेच स्केटिंगवाले उभे राहिले, म्हणाले, हाही इतिहासच आहे. गंमत म्हणजे ही पोरं आता पोरं राहिली नव्हती. लहानपणी तिथं खेळलेले, पोट सुटलेले, केस पिकलेले बाप्ये कागदपत्रं घेऊन भांडत होते. 2013 साली त्यांनी तो पार्क राष्ट्रीय वारशाच्या नोंदवहीत घालून घेतला. तिथल्या कायद्यानं नुसत्या नोंदीमुळे पाडणं थांबत नाही, त्यामुळे 2015मध्ये तो पाडलाच. पण पाडण्याआधी त्याचं इंच न् इंच मोजमाप घेतलं, आणि त्याच बागेत दुसऱ्या बाजूला हुबेहूब तसाच बांधून दिला. वस्तीचा इतिहासही बागेत मांडला गेला.

कोण बरोबर? मला विचाराल तर ज्यांची घरंदारं उठवली त्यांचा हक्क आधी. नवा पार्क हुबेहूब असला तरी तो जुना नव्हे, हेही खरं. पण दोघांनीही आपापली आठवण चारचौघांत सांगितली, आणि दोघांनाही थोडी थोडी जागा मिळाली, एवढं मात्र मला फार आवडलं.

कारण आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आमच्या घरासमोर लिंबाचं झाड होतं. कडूलिंबाचं, दोन माणसांच्या कवेत न येणारं. नागपंचमीला त्याच्या आडव्या फांदीला झोका बांधायचे. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या पंचमीला कयाधूला पूर होता. माहेरी जाता येईना, मी चुलीपुढं बसून रडत होते. तर माझ्या सासूबाई, ज्या डोक्यावरचा पदर इंचभर ढळू द्यायच्या नाहीत, त्यांनी मला हाताला धरून झाडाखाली नेलं. "चढ," म्हणाल्या. आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. उभ्यानं, दोघी समोरासमोर, पाय दाबत दाबत आम्ही झोका इतका उंच नेला की मला मंदिराचा कळस दिसला. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटली नाही.

रस्ता रुंद झाला तेव्हा ते झाड गेलं. सकाळी करवत आली, दुपारपर्यंत मोकळं. गल्लीतल्या एकाही बाईनं तोंड उघडलं नाही, मीसुद्धा नाही. काय म्हणणार होतो? झोका बांधायला पाहिजे म्हणून झाड ठेवा? लोक हसले असते. रस्त्याला कोण नाही म्हणतं? दवाखान्याची गाडी दारापर्यंत येते, ते बरंच झालं. पण फांदीभर जागा दुसरीकडे मागता आली असती, हे तेव्हा सुचलंच नाही.

सुचत का नाही, याचा मी दिवाळीपासून विचार करतेय. टँपाच्या त्या बाप्यांना आपल्या खेळाची लाज वाटत नव्हती. आपल्याला वाटते. आपला खेळ बाराव्या-तेराव्या वर्षीच बंद होतो. "आता मोठी झालीस" असं आई म्हणते, आणि त्या दिवसापासून खेळाची जागा आपली राहत नाही. मग जी जागा आपली नाही, तिच्यासाठी भांडायचं कसं? भाचीनं सांगितलं, 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा कोकोना हिराकी नावाच्या जपानी मुलीनं रौप्यपदक मिळवलं. वय बारा! आपल्याकडे ज्या वयात पोरीला परकर सावरून बस म्हणतात, त्या वयात.

बरं, हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाचं खेडं आहे. उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 साली तिथं काँक्रीटचा स्केटपार्क उभारला आणि नियम केले: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. त्या खेड्यातली आशा गोंड 2018मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. राजस्थानात उदयपूरजवळ खेमपूरला सिनेमासाठी बांधलेला पार्क शूटिंग संपल्यावर पाडला नाही, गावच्या पोरांना ठेवला. सिमेंट तेच, जे आपल्या रस्त्याला लागतं.

आणि मुंबईतला म्हातारीचा बूट? मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधला. सोली आर्सीवाला या अभियंत्यानं केलेला. शाळेच्या सहलीत आम्ही गेलो तेव्हा वरच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून आम्ही एकमेकींना ढकलत होतो. त्या बुटात ना देव आहे ना राजा, फक्त पोरं शिरतात. तरी तो तिथून काढायचा म्हटलं तर अर्धा महाराष्ट्र हळहळेल. का? कारण प्रत्येकाला वाटतं, मी आत गेलोय. आमच्या लिंबाखाली तीन पिढ्यांच्या बायका झोक्यावर चढल्या होत्या. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, एवढाच फरक.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, हा नियम तुमच्याही गावात आहे. आमच्याकडे बऱ्याचदा ती सह्यांपुरतीच होते. यंदा मी बसले. पाण्याचा विषय झाला, नालीचा झाला, मग मी उठून म्हटलं की गावठाणात एक मोकळी जागा झोक्यासाठी राखून ठेवा, दोन लिंबं लावा, आणि ती मोठी होईपर्यंत लोखंडी कमान उभी करा. आधी हसू फुटलं. एकजण म्हणाली, "बाई, ह्या वयात झोका?" मग मागून एक म्हातारी बोलली की पंचमीला तिच्या नाती पंख्याच्या हुकाला साडी बांधून झोका घेतात, छत पडेल एखाद्या दिवशी. त्यावर कुणी हसलं नाही. बोलणं असं वाढलं की नालीचा विषय परत काढायला वेळच उरला नाही. कुणी सांगितलं आपण झोक्यावर कोणती गाणी म्हणायचो, कुणी सांगितलं कोणत्या साली दोर तुटला. वारीत पन्नाशीच्या बायका फुगड्या खेळतात तेव्हा कुणी वय विचारतं का, असंही एकीनं ठणकावलं.

कमान किती फुटांची, दोर कुणाच्या घरी ठेवायचा, यावर अजून वाद चालू आहे. कमान काही लिंब नव्हे, हे मलाही कळतं. अर्जावर पहिली सही माझ्या सासूबाईंची आहे, थरथरती, पण पूर्ण नावाची.

भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, जागा मागतेच आहेस तर शेजारी एक गुळगुळीत उतारपण मागून घे ना."

"आधी गुडघा बरा होऊ दे," सासूबाई पलीकडून ओरडल्या.