डॉक्टरकाकांचं पान : बिस्किटांच्या डब्यातल्या बारा कॅप्सूल



या वेळी दातांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण परवा एक पत्र आलं आणि दात मागे पडले. पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं तिने दोनदा लिहिलंय, तेव्हा नाव नाही. पत्र मात्र देतो.

‘ती. डॉक्टरकाका, सा. न. वि. वि. माझा घसा खूप दुखत होता. पाणी गिळतानासुद्धा रडू यायचं. ताप १०२ होता. डॉक्टरांनी घसा बघून अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या. सकाळी एक, रात्री एक, असं दहा दिवस. पण चार दिवसांत मी ठणठणीत बरी झाले. गॅदरिंगची प्रॅक्टिस पण होती, म्हणून मी कॅप्सूल सोडून दिल्या. बारा उरल्या. आईने त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. काल माझ्या भावाला सर्दी-खोकला झाला. तो पहिलीत आहे. आजी म्हणाली, घरात औषध आहे ते वाया कशाला घालवायचं? म्हणून आईने एक कॅप्सूल उघडून अर्धी पावडर त्याला मधातून दिली. काका, हे चालतं का?’

नाही चालत. अंक छापून होईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पत्रात फोन नंबर होता, म्हणून त्याच संध्याकाळी मी तिच्या आईशी बोललो. म्हटलं, दोघांनाही उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांकडे न्या आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगा. ते थोडे रागावतील, रागावू देत.

आता तुम्हाला सांगतो यात काय बिघडलं ते.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हे एका पेशीचे जीव. त्यांच्याभोवती एक भक्कम भिंत असते. जिवाणू वाढतो तशी ही भिंत सतत बांधावी लागते. अमॉक्सिसिलिन काय करतं, तर भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हातच धरून ठेवतं! भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो आणि मरतो. आपल्या शरीरातल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून त्या वाचतात. आणि सर्दीचा विषाणू, म्हणजे व्हायरस? त्यालाही भिंत नाही. गवंडीच नाही तर हात कुणाचे धरणार? भावाची सर्दी विषाणूची होती. त्याला अर्धीच काय, अख्खी कॅप्सूल दिली असती तरी सर्दीला काही कळलं नसतं. शिवाय लहान मुलाचं औषध त्याच्या वजनावरून ठरतं, ‘अर्धी पावडर’ असं अंदाजाने नाही. आणि काहींना या औषधाची ॲलर्जी असते. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडकतो. असं कधी झालं तर पुढचा डोस न घेता ताबडतोब डॉक्टर गाठायचे.

बहुतेक घसेदुखी विषाणूचीच असते, आठवड्यात आपोआप जाते. पण आपल्या मैत्रिणीच्या घशात तिच्या डॉक्टरांना स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू आहे असं वाटलं, म्हणून दहा दिवस. दहाच का? ऐका. औषधाने बरेचसे जिवाणू दोन-चार दिवसांत मरतात, ताप उतरतो, आपण नाचायला मोकळे. काही मात्र टॉन्सिल्सच्या खाचांत दडून राहतात. ते राहिले, तर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाला ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊ शकतो. जिवाणूशी लढता लढता शरीर चुकून स्वतःवरच हल्ला करतं. गुडघे, घोटे सुजतात. ते बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा आजार मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो, म्हणजे नेमका तुमच्या वयात. आपल्या देशात तो अजून संपलेला नाही. दुखऱ्या घशातून थेट हृदयापर्यंत! म्हणून मी त्या संध्याकाळी फोन उचलला.

अर्थात प्रत्येक आजाराला दहा दिवस लागत नाहीत. कुठे तीन, कुठे पाच पुरतात. डॉक्टर सांगतील तितके. आपण कमी करायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग तुम्हाला माहीत आहेत. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतल्यावर भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने थोडंसं पेनिसिलिन घेतो. त्याने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. तेच जिवाणू त्याच्या बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. गंमत बघा, गोष्टीतला तो घशाचा स्ट्रेप्टोकॉकस आज इतक्या वर्षांनीही पेनिसिलिनला शरण येतो! पण आपल्या पोटात, नाकात, कातडीवर राहणारे इतर कितीतरी जिवाणू मात्र शिकले. भावाच्या पोटात गेलेली ती अर्धी पावडर सर्दीला शिवली नाही, तिथल्या जिवाणूंना मात्र धडा देऊन गेली.

घरच्यांसाठी एक खूण. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सरकारने २०१६ साली ‘रेड लाइन’ मोहीम काढली ती याचसाठी. आज घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघा. (आजीचा डबा असेल तर आधी आजीला विचारून!)

धाकट्यांचं औषध बहुधा बाटलीत कोरडी पावडर असतं. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पाणी खाली गेलेलं दिसेल, मग पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. बाटलीवर तारीख लिहायची. अशी बाटली किती दिवस टिकते आणि फ्रीजमध्ये ठेवायची का, ते लेबलवर असतं. दरवेळी आधी हलवायची आणि सोबतच्या मापानेच द्यायची. आमच्या घरात चहाचे चमचे चार आकारांचे आहेत, तुमच्याकडेही असतील. एखादा डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ होत आली असेल तर विसरलेला सोडून द्या. दोन एकदम घ्यायचे नाहीत.

काल तिच्या आईचा फोन आला. भावाची सर्दी आपली आपण जातेय, औषध बंद आहे. मैत्रिणीला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, औषध नव्याने लिहून दिलं आणि कॅलेंडरवर रोज दोन फुल्या मारायला सांगितल्या. बिस्किटांचा डबा रिकामा झालाय. त्यात आता काय ठेवायचं यावरून घरात भांडण चालू आहे म्हणे.

तुमचा,
डॉक्टरकाका