रुंद फोटो आणि दगडावरची अक्षरं



गेल्या वेळी या सदरात अल्बममधले जुने फोटो कसे जपायचे ते लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की चार-सहा फोटो जोडून जो एक लांबच लांब फोटो करतात, ज्याला पॅनोरमा म्हणतात, तो आमचा पुसट का येतो? जोडलेल्या जागी घराला दोन छपरं का दिसतात? आणि मुख्य म्हणजे, कॉम्प्युटरवर तो साफ करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: थोडाफार येतो, फार नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. जखमेच्या कडा स्वच्छ असल्या आणि एकमेकींना नीट भिडल्या, तर टाके चांगले बसतात. कडा चेचलेल्या असल्या तर सर्जन कितीही मोठा असो, व्रण राहतोच. फोटोंचंही तसंच आहे. जोडकाम सुरू होण्याआधीच, फोटो काढताना, निम्म्याहून जास्त निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे येणारे रुंद फोटो बहुतेक दोनच जागांचे असतात. एक मिट्झपे रामोनच्या कड्यावरून काढलेला मख्तेश रामोनचा, आणि दुसरा अलिबागजवळच्या नवगावच्या आपल्या कबरस्तानाचा. पहिला बहुधा चांगला येतो, दुसरा बिघडतो. फोन तोच, माणूस तोच, मग असं का?

मख्तेश सुमारे ४० किलोमीटर लांब आहे. (मख्तेश म्हणजे हिब्रूत खल, आपल्या खलबत्त्यातला. नाव अगदी बरोबर आहे.) तिथे कड्यावर उभं राहिलं की समोरचं सगळं शेकडो मीटर, हजारो मीटर दूर असतं. आपण फोन हात लांब करून धरतो आणि स्वतः गोल फिरतो. म्हणजे लेन्स एका जागी फिरत नाही, आपल्या अंगाभोवती दोन फुटांच्या दोरीनं बांधल्यासारखी प्रदक्षिणा घालते. शेजारच्या दोन फोटोंमध्ये ती सहज फूटभर सरकते. अर्धा किलोमीटर दूरच्या खडकाला त्या एका फुटाचं काही वाटत नाही, फरक पडतो तो दोन-तीन पिक्सेलांचा. जोडणारा प्रोग्राम तो गिळून टाकतो.

आता नवगाव. दगड दोन मीटरवर, त्यामागे वीस मीटरवर माड, त्याहीमागे समुद्र. लेन्स फूटभर सरकली की जवळचा दगड मागच्या माडापुढून भलताच बाजूला जातो. एका डोळ्यानं अंगठ्याकडे बघा, मग दुसऱ्या डोळ्यानं. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो, तेच हे. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. इथे फरक दोन पिक्सेलांचा नाही, शेकड्यांत जातो. प्रोग्राम माड जुळवायला गेला तर दगड फाटतो, दगड जुळवायला गेला तर माड दुभंगतो. शेवटी तो दोन्ही फोटो एकमेकांत विरघळवून मोकळा होतो, आणि आपण म्हणतो फोटो हलला. हललेला नसतो, दोन जागांवरून काढलेला असतो.

उपाय साधा आहे. फिरायचं ते लेन्सभोवती, स्वतःभोवती नाही. फोन कोपर अंगाला टेकवून जवळ धरायचा, लेन्स जिथे आहे तिथेच ठेवायची आणि आपण तिच्याभोवती पावलं टाकत सरकायचं. दिसायला वेडगळ दिसतं, दिसू द्या. त्याहून चांगलं करायचं तर फोनला लेन्सच्या बरोबर खाली एक दोरा बांधा, टोकाला नट किंवा किल्ली लटकवा, जमिनीवर एक खडा ठेवा, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी लटकन त्या खड्यावर आहे ना ते बघा. गवंड्याचा ओळंबा असतो तसंच. खर्च शून्य. तिपाई असेल तर उत्तमच, पण तिच्यावरही फोन लेन्सच्या खाली फिरायला हवा.

फोन आडवा नको, उभा धरा. फोटो जास्त लागतात, पण उंची मिळते आणि माडाचे शेंडे कापले जात नाहीत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग परत यायला हवा. त्याहून कमी आला तर प्रोग्रामला जुळवायला खुणा सापडत नाहीत. फोनमध्ये पॅनोरमाचं वेगळं बटण असतं, हात फिरवत नेला की तो आपोआप पट्ट्या जोडत जातो. समुद्रकिनाऱ्यासाठी, लग्नाच्या हॉलसाठी ते ठीक आहे. कबरस्तानासाठी ते वापरू नका, सुटे फोटो काढा. आणि ०.५ लिहिलेली रुंद लेन्स तर मुळीच नको. तिच्यात सगळं मावतं खरं, पण सगळं बारीक होऊन मावतं आणि कोपरे मऊ पडतात.

पहिला फोटो घेण्याआधी पडद्यावर मधल्या अंतरावरच्या दगडावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथे पक्के होतात, आयफोनवर तशी पट्टीही दिसते. हे केलं नाही तर फोन प्रत्येक फोटोला नवा विचार करतो: समुद्राकडे वळला की काळोख करतो, झाडाखाली वळला की पांढरं करतो, आणि जोडल्यावर आभाळात पट्टे उठतात. कॅमेरा असेल तर सगळं हातानं ठरवा: एफ/८, वेग १/२५० किंवा त्याहून जलद, आयएसओ जमेल तितकं कमी. व्हाइट बॅलन्सही एकच ठेवा. पोलरायझर काढून ठेवा, त्यानं रुंद आभाळ एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं होतं. बटण दाबताना मात्र आम्ही एक्स-रेच्या वेळी पेशंटला सांगायचो तेच: श्वास रोखा.

आणि लेन्स पुसा! समुद्रावर दहा मिनिटांत काचेवर खारट थर बसतो, त्यात खोबरेलाचं बोट लागलं की झालं. अशा काचेतून आलेला धुकटपणा पुढे कुठल्याच प्रोग्रामनं जात नाही. आधी फुंकर मारून वाळूचे कण उडवा, मग मऊ सुती कापडानं हलक्या हातानं पुसा. वाळूसकट घासलं तर काचेवर ओरखडे पडतात.

मख्तेशला त्रास वेगळा असतो. उन्हं चढली की खालून गरम हवा थरथरायला लागते आणि दूरचा कडा पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. वसंतात शराव आला तर धुळीनं सगळं पिवळट. तिथे सकाळी लवकर जाण्याला पर्याय नाही. आणखी एक म्हणजे तिथले रानबोकड. दोन फोटोंच्या सांध्यावर एखादा चालत आला की जोडफोटोत त्याला दोन तोंडं येतात. तो गेल्यावर त्या जागेचा आणखी एक फोटो घेऊन ठेवा, जोडताना कामी येतो.

आता मुद्द्याचं. नवगावचा फोटो आपण शोभेसाठी काढत नाही. आपले पूर्वज त्या किनाऱ्याला लागले अशी आपली परंपरा आहे, म्हणून लोक तिथे जातात, स्मारकापाशी उभे राहतात, आणि आपल्या आडनावाचा दगड सापडतो का ते शोधतात. कोकणातल्या आपल्या कबरस्तानांत दगडांवर हिब्रू आणि मराठी अक्षरं आहेत. खारा वारा आणि दर वर्षीचा पाऊस ती खात चालले आहेत. आपण इथून जाणार आठ-दहा वर्षांतून एकदा. त्या वेळी वाचता आलं ते आलं. एका वाचकाच्या रुंद फोटोत त्यांच्या पणजोबांचा दगड बरोबर सांध्यावर आला आहे. आडनावातलं ‘कर’ तेवढं दिसतं. आपल्यात अर्ध्या आडनावांचा शेवट ‘कर’च! गावाचं नाव मात्र दोन प्रतिमांच्या मध्ये विरघळून गेलं आहे.

थोडा हिशेब करू. दगडावरचं अक्षर दोन सेंटिमीटर उंच धरा. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या फोननं पाच मीटरवरून फोटो काढला तर ते अक्षर फोटोत सुमारे १२ पिक्सेल उंच येतं. दहा मीटरवरून काढला तर सहा. बारा पिक्सेलांत झिजलेलं देवनागरी अक्षर काना-मात्रेसकट कसंबसं लागतं, सहात नाही. म्हणजे पाच मीटरपलीकडचा दगड रुंद फोटोत वाचायचाच नाही असं समजून चाला. त्या दगडाचा समोरून, जवळून, वेगळा फोटो घ्या. रुंद फोटो हा नकाशा, कुठला दगड कुठे आहे ते सांगणारा. वाचन जवळच्या फोटोत. दोन्ही हवेत.

उजेडाचीही दोन कामं निरनिराळी आहेत. रुंद फोटोला पातळ ढगांची सकाळ उत्तम, कारण उन्हात माडाच्या झावळ्यांच्या सावल्या दगडांवर नाचतात आणि कुठलेच दोन फोटो जुळत नाहीत. कोरलेली अक्षरं वाचायला मात्र बाजूनं घसरत येणारं तिरपं ऊन लागतं, अक्षराच्या खाचेत सावली पडली तरच ते उठून दिसतं. ऊन नसेल तर एखादा छोटा आरसा किंवा पुठ्ठ्यावर लावलेला चांदीचा कागद बाजूला धरा. पण अक्षरांत खडू, तेल किंवा फेस चोळू नका. फोटो एक दिवस छान येतो आणि दगड कायमचा खराब होतो.

घरी आल्यावर जोडायला हगिन नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, फोटोशॉपमध्येही सोय आहे. हगिन दोन फोटोंमधल्या सारख्या जागांवर खुणा लावतं आणि त्या सरासरी किती पिक्सेलांनी चुकतात ते सांगतं. आकडा मोठा आला तर खुणांची यादी उघडा. लाटांवर, ढगांवर, झावळ्यांवर बसलेल्या खुणा काढून टाका, दगडांवरच्या आणि भिंतीवरच्या ठेवा. आकडा दोन-तीनच्या खाली आला की पुढे जा. सांधा कुठून न्यायचा तेही ठरवता येतं: ज्या फोटोत दगड नीट आहे तो ठेवायचा, दुसऱ्यातला त्या जागेचा भाग झाकायचा. त्या वाचकांचा दगड असाच सुटला असता, कारण शेजारच्या मूळ फोटोत तो अख्खा होता. पण सुटे फोटो त्यांनी जोडल्यावर पुसून टाकले होते. कृपा करून सुटे फोटो कधीही पुसू नका.

फोटो वाकडा झाला तर जोडलेला फोटो पुन्हा फिरवत बसू नका. प्रत्येक वेळी फिरवलं, ताणलं, की पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि फोटो थोडा मऊ होतो. हगिनमध्ये परत जाऊन क्षितिज सरळ करा आणि मूळ फोटोंपासून एकदाच तयार करा. समोरचा देखावा शंभर अंशांपेक्षा रुंद असेल तर दंडगोलाकार मांडणी घ्या. सपाट मांडणीत दोन्ही कडा ताणल्या जाऊन पुसट होतात. मधल्या प्रती टिफमध्ये ठेवा, जेपेग शेवटी.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही छापायच्या मापाला आणल्यावर. आधी सुट्या फोटोंना केलं तर सांध्याशी दोनदा धार चढते. उभे धरलेले सहा फोटो जोडले की रुंदी सुमारे १३,००० पिक्सेल होते. आपल्या अंकाच्या समोरासमोरच्या दोन पानांना लागतात ५,०००. एवढं लहान केल्यावर फोटो आपोआपच तेज दिसतो, वरून चिमूटभर पुरते. माडाच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की समजा जास्त झालं.

नातवंडं सांगतील, “आजी, एआय आहे ना, एका क्लिकमध्ये साफ करतं.” करतं. मख्तेशच्या आभाळावर खुशाल वापरा. दगडावर नको. हे प्रोग्राम पुसटात दडलेलं बाहेर काढत नाहीत, तिथे काय असेल याचा अंदाज रंगवतात, आणि तो अंदाज इतका स्वच्छ असतो की शंकाच येत नाही. झिजलेला ९ आणि १ आधीच सारखे दिसतात. १८९१ चं १८११ झालं तर वंशावळीत ८० वर्षांची, म्हणजे दोन-तीन पिढ्यांची गडबड. वाचता येत नसेल तर कोरी जागा सोडा. पुढच्या वेळी जाणारा कुणीतरी जवळून बघून येईल.

फोटो पाठवताना व्हॉट्सअपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ईमेलनं. जोडलेला एक आणि सुटे सगळे, दोन्ही पाठवा, आणि सोबत दोन ओळी लिहा: कोणत्या गावचं कबरस्तान, कोणती तारीख, आणि डावीकडून कितवा दगड तुमचा.